आयव्ही मावशीच्या चित्रातला डिंगो

“मावशीच्या चित्रातला एकेक ठिपका मला तोंडपाठ आहे!” विद्यापीठाच्या कलादालनात मर्लीन सकाळपासून सगळ्यांना ठणकावून सांगत होती. आणि का सांगू नये? आयव्ही मावशी तिची सख्खी मावशी, दालनातलं सगळ्यात मोठं चित्र मावशीचं, आणि त्याच्यासमोर स्वयंसेवक म्हणून उभी कोण, तर मर्लीन! आज मावशी स्वतः येणार होती. मावशी ठिपक्या-ठिपक्यांनी पूर्वजांची कथा रंगवायची, आणि त्या कथेतले ठिपके तिच्या परवानगीशिवाय कुणी भरायचे नाहीत, ही घरची रीत. सगळ्या मावसबहिणींना तिनं कॅनव्हासपाशी बसवलं होतं. मर्लीनच्या नशिबी मात्र नुसते ब्रश धुणं! आज मावशीला खूश करून ती परवानगी मिळवायचीच, असा तिचा बेत होता.

पण मध्येच तो फर्गस कडमडला. हाही स्वयंसेवकच. चित्राच्या कोपऱ्यातल्या पुसट ठशांकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगत सुटला, “हा पुराणकथेतला आदिम डिंगो, ऑस्ट्रेलियाचा रानकुत्रा! याच वाटेनं तो डोंगर-नद्या घडवत गेला!”

“डिंगो? डोंबलाचा डिंगो!” मर्लीन कडाडली. “आमच्या बस्टर कुत्र्याचे पाय आहेत ते! चित्र जमिनीवर पसरलेलं असतं, कुत्री येतात नि खुशाल तुडवून जातात!”

“पण प्राध्यापक बाईंनीच सांगितलंय.”

“आमच्या घरचं मला शिकवतोस होय रे?”

प्राध्यापक बाई धावत आल्या. “मर्लीन, हळू! लोक किती भारावलेत बघ.” एक आजोबा तर चक्क डोळे पुसत होते. मर्लीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुत्र्याच्या मळक्या पायांपुढे रडायचं म्हणजे काय!

तेवढ्यात मावशी आली.

“मावशी, सांग गं यांना! बस्टरचेच पाय ना हे?”

मावशीनं चष्मा चढवला, वाकून पाहिलं. “बस्टर? तो तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता.”

फर्गसचा चेहरा उजळला. “म्हणजे डिंगोच!”

“गप रे! डिंगो कसला? बोटं आहेत ती. हिची!” मावशीनं मर्लीनचा हात धरून सगळ्यांपुढे वर केला. “दोन वर्षांची होती. माझी पाठ वळली नाही तोच कार्टीनं ओल्या रंगात पंजा मारला! म्हणून तर अजून ब्रश धुवायला ठेवलंय हिला!”

अख्खं दालन खो खो हसलं. ते आजोबासुद्धा! मर्लीननं दोन्ही हात खिशात कोंबले.

“मग आता पाहुण्यांना काय सांगू?” फर्गसनं हळूच विचारलं.

“डिंगोच सांग!” मर्लीन खेकसली.