दुधनीला गेलेली परडी

कागदाची परडी करायला लागतं काय? रद्दी, मेथ्या, पाणी आणि ऊन! यातली चौथी वस्तू एप्रिलच्या सोलापुरात इतकी असते, की शेजारच्या चार जिल्ह्यांना वाटूनही आम्हाला पुरेल. बाकीच्या तीन घरात होत्याच. तेव्हा आईच्या वर्षश्राद्धाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आईच्याच पद्धतीची एकेक परडी ठेवायची, असं मी जाहीर करून टाकलं. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. बावीस वर्षं कागद सांभाळते आहे. कागद माझं नाही ऐकणार तर कुणाचं ऐकणार?

"अकरा करते," मी बाबांना सांगितलं.

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "तुझी आई एका परडीला आठ दिवस घ्यायची."

"कारण ती खलबत्त्यात कुटत बसायची! घरात मिक्सर कशाला आहे?"

"हं," बाबा म्हणाले.

चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाचा 'हं' फार वाईट असतो. उत्तर चुकलंय एवढं कळतं, कुठे चुकलंय ते कळत नाही.

आईच्या परड्या आमच्या इमारतीत घरोघर आहेत. शेजारच्या सुंदरम्माकाकूंकडे तिच्या परडीत लसूण असतो, खालच्या जगदेवीकडे किल्ल्या. आमच्या घरात मात्र एकही नाही. झाली परडी की आई ती कुणाला तरी देऊन टाकायची. मी एकदा म्हटलं होतं, "ही निळी राहू दे ना आपल्याला." तर म्हणाली, "आपल्याला नको. आपण काय, कधीही करू."

'नको' हा तिचा आवडता शब्द. दुसरी पोळी नको, नवी साडी नको, पंखा मोठा नको. सुंदरम्माकाकूंच्या शेजारात तीस वर्षं काढून ती कन्नडही एवढंच शिकली. काकू वाटी घेऊन दारात आल्या, की आई दोन्ही हात हलवत म्हणायची, "ब्याडा, ब्याडा!" म्हणजे तेच, नको. आणि वाटी ठेवून घ्यायची.

माळ्यावर तिने लगद्यासाठी जमवलेल्या कागदांचा गठ्ठा होता. वर वर्तमानपत्राचं वेष्टण, त्याला परकराची नाडी. मी नाडी कापली आणि वेष्टणासकट गठ्ठा पाण्याच्या टबात सोडला. उघडून बघायला वेळ कुणाला होता?

तिसऱ्या दिवशी लगदा ढवळताना हाताला एक तुकडा लागला. त्यावर निळ्या शाईत 'मोगऱ्याला पहिली' इतकंच होतं. पुढची कळी लगद्यात गेली होती.

ती कॅलेंडरची पानं होती. जुन्या वर्षांची. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर आई काय काय लिहून ठेवायची. मी टबात कोपरापर्यंत हात घालून बसले. 'वैदेही येणार' असा माझ्याच नावाचा एक तुकडा मिळाला, तो उचलताना बोटांतच विरघळला. शेवटी काडेपेटीएवढा एकच कागद धड निघाला. त्यावर दोन शब्द होते. 'घाई नको.' कुणाला, कशाबद्दल, समजायला मार्ग नव्हता. बाकीचा तो दिवस टबात होता.

गठ्ठा तिनेच बांधला होता, लगद्यासाठीच बांधला होता, हे मी स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं. बाबांना काही सांगितलं नाही. तो कागद टॉवेलमध्ये दाबून सुकवला आणि कामाला लागले.

मिक्सरने दोनदा बाबांसारखं 'हं' केलं आणि तो कायमचा गप्प झाला. मग खलबत्ता! लगदा चिकट व्हावा, त्याला कीड लागू नये म्हणून आई त्यात मेथ्या वाटून घालायची. किती घालायची? ते बहुधा टबातच कुठेतरी लिहिलेलं होतं. मी अर्धा किलो घातल्या. त्याचा वास असा सुटला, की संध्याकाळी जगदेवी जिना चढून वर आली.

"मेथीचे लाडू चाललेत व्हय? कोण आलंय बाळंतीण?"

आमच्या घरात माणसं दोन. एक मी, वय सेहेचाळीस, अविवाहित. दुसरे बाबा. जगदेवीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं!

"परड्या करतेय," मी म्हटलं.

"असं व्हय," म्हणून ती गेली, पण जाताना आतल्या खोलीत डोकावून गेली.

लगदा पालथ्या पातेल्यांवर थापला की सावलीत तीन दिवस आणि उन्हात दोन दिवस द्यायचे असतात. मी सावली वगळली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकेक परडी पातेल्यावरून सोडवली. सुटल्या बरं का, सुंदर सुटल्या! पण गच्चीवरच्या धोतरावर ठेवल्याबरोबर एकेकीने मान टाकली, आणि पाच मिनिटांत अकराच्या अकरा सपाट झाल्या. गोल, पातळ, मातकट, वर मेथीच्या सालांचे ठिपके.

ठीक आहे, मी म्हटलं. भिंतीवर लावायच्या ताटल्या! कलेत असं होतं. त्यातल्या त्यात गोल होती तिच्या पाठीला, बरोबर मध्यभागी, आईचा तो कागद दाबून बसवला. ही मात्र कुणाला द्यायची नाही. ही आपल्याला. आणखी दोन दिवसांत उन्हाने सगळ्या कडकडीत वाळल्या.

आता इथे मला गच्चीचा भूगोल सांगायला हवा. पाण्याच्या टाकीच्या अलीकडे माझं धोतर. पलीकडे सुंदरम्माकाकूंचं धोतर, आणि त्यावर त्यांच्या अकरा कडक भाकऱ्या. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापून, तीळ लावून, भाजून कडक करतात. काकू तिला वर ऊनही देतात, म्हणजे महिनाभर राहते. माझ्या वाळल्या त्याच दिवशी काकूंच्या मुलाचं, महेश्वरचं घर बघायला दुधनीहून मुलीकडची मंडळी आली होती. मुलगी श्रीदेवी स्वतः आली होती, सोबत तिचे आजोबा गुरुसिद्धप्पा. त्यांच्याबरोबर बांधून द्यायला या भाकऱ्या. अकराच का? शुभ म्हणून. मी अकराच का केल्या? मलाही आकडा बरा वाटला म्हणून!

चारच्या सुमाराला वावटळ उठली. मी न्हाणीघरात कोपरांवरचा लगदा खरवडत होते. बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. पण धावपळीत मागे राहतील तर ते बाबा कसले! ते गच्चीवर गेले, दोन्ही धोतरं गुंडाळली, एक गाठोडं काकूंच्या दारात दिलं, एक घरी आणलं.

"मोजून दिल्या," ते मला म्हणाले. "अकरा त्यांच्या, अकरा आपल्या."

मी गेरू कालवून बसले. पहिल्या ताटलीवर ब्रश फिरवला. ताटलीने गेरू पिऊन टाकला. दुसरा हात दिला, तोही प्यायली. मग ती मऊ पडली आणि मधोमध वाकली. दुसरी घेतली. तिचंही तेच. मी तिसरीला नाकाशी नेलं. माझ्या कागदाला चुलीचा वास कसा? आणि हे तीळ कुणी लावले?

"बाबा!"

"काय गं?"

"या भाकऱ्या आहेत!"

बाबांनी तिसरीच्या कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "आहेत," ते म्हणाले. "छान झाल्यात."

मी अनवाणी शेजारी धावले. घर शांत होतं. काकू पानदान मिटत होत्या, चेहऱ्यावर लग्न ठरल्याचं समाधान.

"काकू, पाहुणे?"

"अर्धा तास झाला की टेशनला जाऊन. पाचची गाडी हाय. दह्याचा डबा, शेंगाचटणी, भाकऱ्या, सगळं बांधून दिलं. पोरगी लई गुणाची हाय, वैदेही. बसायच्या आधी माझ्या सासूच्या फोटोकडं बघून नमस्कार केला बघ."

मी सांगितलं. काकू खालीच बसल्या.

"अय्यो, शिवा! कागद बांधून दिला मी सोयऱ्यांना?"

"फोन करा. खाऊ नका म्हणावं."

"काय सांगू? भाकरी म्हणून रद्दी दिली म्हणून सांगू? म्हातारा गुरुसिद्धप्पा लई तिखट हाय! उठून जाईल त्यो!" मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "तू का रडतीस गं? सोयरीक माझी मोडायलीय."

मी रडत नव्हते. म्हणजे, तसं ठरवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "काकू, त्यातल्या एका परडीला आईचं अक्षर आहे. घरात तेवढंच उरलंय."

काकूंनी जी हाक मारली ती दुधनीपर्यंत पोचली असती, फोनची गरज नव्हती. "महेश्वराऽ! गाडी काढ!"

महेश्वर चादरीच्या कारखान्यात हिशोबनीस आहे, स्वभावाने गरीब. तो पुढे, मी मागे, मांडीवर उरलेल्या नऊ खऱ्या भाकऱ्या. वाटेत त्याने एकदाच विचारलं, "ताई, मी काय बोलू तिथं?"

"काही बोलू नकोस. घाम पूस फक्त."

फलाटावर मंडळी बाकावर बसलेली होती. आणि गुरुसिद्धप्पांच्या मांडीवर रुमाल, रुमालावर माझी परडी! अर्धी. उरलेली अर्धी दह्यात भिजवून त्यांच्या तोंडात होती. जबड्यात दात असावेत पाच-सहा, पण सगळे कामाला लागलेले.

महेश्वरला बघून त्यांनी घास गिळला. तो गिळायलाही वेळ लागला.

"आलाच का! बघ गं शिरीदेवी, तास बी झाला न्हाई तर जावई टेशनात हजर!" ते असे हसले, की शेजारच्या बाकावरची माणसंही हसायला लागली. "घाई नको की पोरा! मुहूर्त काढू, तारीख काढू. घाई नको!"

महेश्वर कानापर्यंत लाल झाला. ते दोन शब्द मी चार दिवस बोटाने चाचपत होते. ते असे भर फलाटावर, दह्याच्या वासासकट, कुणी मोठ्याने म्हणेल असं वाटलं नव्हतं.

"आजोबा, भाकरी..." मी कशीबशी सुरुवात केली. "त्या जरा जुन्या गेल्या. काकूंनी ताज्या पाठवल्यात."

"जुन्या?" त्यांनी उरलेली अर्धी छातीशी धरली. "सत्तर वर्सं भाकरी खातोय बाई मी, अशी कडक न्हाई बघितली! दह्यात पाव तास ठेवली तरी मोडंना. आन मेथी घातलीया. माज्या शुगरचा इचार केला त्या बाईनं. आमच्या घरात कोण करतंय एवढं?"

"पण या मऊ..."

"मऊ नकोत मला!"

तेवढ्यात श्रीदेवी उठली. "ताई, पाण्याची बाटली भरायची होती. येता का?" नळाजवळ गेल्यावर तिने आवाज खाली आणला. "कागद आहे ना तो?"

मी मान हलवली.

"मी शाळेत शिकवते. मुलांकडून लगद्याचे मुखवटे करून घेते, म्हणून पहिल्या तुकड्यालाच ओळखलं. पण आजोबांना इतकी आवडली होती, आणि काकूंचं नाव... म्हणून गप्प बसले. मेथीने कुणाला काही होत नाही."

"त्या एकीच्या मागे..."

"अक्षर होतं," ती म्हणाली. "आजोबांनी गुडघ्यावर आपटून मोडली ना, तेव्हा दिसलं. मी त्यांचा हात धरेपर्यंत अर्धी दह्यात पडली होती." आता तिने मागे वळून बघितलं. आजोबा महेश्वरला त्याचा पगार विचारत होते. तिने निवांत जाऊन त्यांच्या रुमालावरची अर्धी उचलली आणि तिथे खरी भाकरी ठेवली. गाठोड्यातल्या दहाही तशाच काढून घेतल्या. म्हाताऱ्याला पत्ता नाही! अशी मुलगी घरात आली की काकूंचं काही खरं नाही, एवढं मला तिथेच कळलं.

तिने ती अर्धी परडी माझ्या हातात ठेवली. मी पालथी केली. तुटल्याची रेघ नेमकी दोन शब्दांच्या मधून गेली होती. 'घाई' आजोबांनी खाल्ली होती, म्हणूनच बहुधा ती त्यांच्या तोंडून आली. माझ्या वाट्याला उरलं होतं, 'नको'.

लग्न ठरलं. आजोबांची अट एकच, पंगतीला तशीच भाकरी हवी. काकू रोज माझ्याकडे बघून हात जोडतात.

वर्षश्राद्धाला परड्या काही झाल्या नाहीत. उरलेल्या दहा प्रवासात तडकल्या. शेवटी काकूंनीच मनाने अकरा कडक भाकऱ्या करून आणल्या. मीही सवयीने म्हटलं, "ब्याडा, ब्याडा," आणि ठेवून घेतल्या. काकू पदराने चष्मा पुसत गेल्या. त्या भाकऱ्या मी कागदात गुंडाळून पाहुण्यांना दिल्या. परवा पुण्याहून मावशीचा फोन आला. "लीलाची कला पुढे चालवलीस हो! हॉलमध्ये लावलीय. पण वैदेही, हिला मुंग्या कशा गं लागल्या?"

मी म्हटलं, तिला ऊन देत जा.

अर्धी परडी आमच्या स्वयंपाकघरात आहे, ओट्याच्या भिंतीवर, साखरेच्या डब्याच्या बरोबर वर. पाठ पुढे करून लावलीय. टबाचं मी बाबांना अखेर सांगितलं. त्यांनी 'हं' केलं नाही. चांगल्या डोळ्याने बराच वेळ ते अक्षर बघत राहिले.

डॉक्टरांनी बाबांना साखर बंद केल्याला तीन वर्षं झाली. माझं ते ऐकत नाहीत. दुपारी मी झोपलेय असं समजून पावलं न वाजवता आत जातात. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज येतो. मग काही वेळ कसलाच आवाज येत नाही.

मग झाकण लागतं.

"बरं बाई," बाबा म्हणतात, आणि बिनसाखरेचा चहा घेऊन बाहेर येतात.