थोडक्यात वाचलो

परदेशी मालकीच्या त्या सौर प्रकल्पात तीन महिन्यांत एकही अपघात टळला नव्हता. ही बाब गंभीर होती. अपघात झालाही नव्हता. पण त्याला मुख्यालयात किंमत नव्हती. तिथल्या नियमानुसार प्रत्येक कर्मचाऱ्याने महिन्यातून एकदा ‘थोडक्यात वाचलो’ नावाचा फॉर्म भरायचा होता. सगळ्यांचेच फॉर्म कोरे होते, वायरमनचेही तिन्ही.

“तीन महिन्यांत एकदाही थोडक्यात वाचला नाहीत?” सेफ्टी मॅडमनी विचारलं.

“मी सांभाळून काम करतो, मॅडम.”

“म्हणजे तुमचं आजूबाजूला लक्ष नाही.” त्यांनी तसा शेरा मारला. असे दोन शेरे पडले की कंत्राट पुढे चालू राहत नसे.

वायरमन वीस वर्षं विजेत हात घालून जगलेला माणूस. त्याला कागदाचा मात्र धाक होता. त्याने लिहिलं, ‘पॅनेलच्या रांगेत खडा आढळला. पाय पडला असता. पडला नाही.’ चौथ्या दिवशी सातासमुद्रापलीकडून अभिनंदनाचं पत्र आलं, आणि असं उत्तम निरीक्षण सगळ्यांनीच आठवड्याला एकदा करावं असा हुकूमही.

महिन्याभरात आवारातले खडे संपले. लोक बाहेरून खिशात खडे घालून आणू लागले. मग मुख्यालयाने कळवलं की खडे पुरे, आता उंचीवरचे धोके हवेत, फोटोसह.

वायरमनने निमूटपणे गोदामाच्या भिंतीला शिडी तिरकी लावली. स्टोअरकीपरने मोबाइल रोखला आणि नाक मुरडलं.

“धोका दिसत नाहीये. नुसती शिडी दिसते. जरा वर चढा की.”

वायरमन चढला. फोटो अप्रतिम आला. शिडी घसरली ती त्यानंतर.

सेफ्टी मॅडम धावत आल्या. त्यांनी आधी वायरमनच्या पायाकडे पाहिलं, मग फाटकावरच्या पाटीकडे. पाटीवर ‘अपघाताविना ९९४ दिवस’ असं लिहिलं होतं. हजाराव्या दिवशी परदेशातून मोठे साहेब यायचे होते.

“कुठे पडलात?”

“इथेच.”

“घाई नको. नीट आठवून सांगा. इथे पडलात तर शिडी तिरकी कुणी लावली याची चौकशी होईल. घरी पडलात तर उपचार, पगारी रजा, सगळं आहे.”

वायरमनला कळ सोसवत नव्हती. डोळ्यांपुढे दोन शाळकरी मुली आल्या. “घरी,” तो म्हणाला.

पण घरच्या अपघातांबद्दलही कंपनीचं धोरण होतंच. दोन दिवसांनी मॅडम हेल्मेट घालून त्याच्या घरी आल्या. दाराशी एकच पायरी होती. तिला पिवळा पट्टा मारला, शेजारी लोखंडी कठडा ठोकला, आणि वायरमनच्या बायकोपुढे साक्षीचा कागद सरकवला.

“काय लिहिलंय यात?” तिने विचारलं.

“पायरी ओली होती, एवढंच.”

“अहो, पण मी त्या दिवशी माहेरी होते.”

मॅडमनी पेन उघडलं. “म्हणजे घरात देखरेख नव्हती,” म्हणत तेही लिहून घेतलं.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो प्लास्टरकडे बघत होता. “सही कर,” तो हळूच म्हणाला. तिने केली. त्या दिवशी तिने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही. जेवण मात्र हातात आणून दिलं.

हजाराव्या दिवशी वायरमनला पहिल्या रांगेत बसवलं, पाय पुढे करता यावा म्हणून. मोठ्या साहेबांनी दुभाष्यामार्फत आस्थेने चौकशी केली. घरी पडले, असं कळल्यावर ते हळहळले. “आमच्या प्रकल्पाइतकी सुरक्षितता घराघरात कधी येणार?” असं ते भाषणात म्हणाले. टाळ्या पडल्या. वायरमनचे हात मोकळे होते, त्यानेही वाजवल्या. तिरक्या शिडीच्या फोटोला वर्षातल्या सर्वोत्तम निरीक्षणाचं बक्षीस मिळालं.

तेव्हापासून ही वीज ‘कुणालाही न दुखवता बनलेली’ म्हणून विकली जाते. बिलाच्या कोपऱ्यात एक हिरवं पान छापलेलं असतं. ते पाहून मनाला बरं वाटतं, असं ग्राहकांनी सर्वेक्षणात कळवलं आहे. सर्वेक्षणाच्या शेवटी ‘आपल्याला काही विचारायचं आहे का?’ असा रकानाही होता. तो तुम्ही कोराच ठेवलात.