न मेलेल्या गिटारवाल्याचं पान

आधी फायद्याची बाजू मांडतो. माझा मेहुणा योगेंद्र याला या भानगडीतून काय मिळणार होतं? एक, मनासारखी गिटार. दोन, कोजागिरीच्या कार्यक्रमात स्टेजवर पुढची जागा. आणि तिसरं म्हणजे घरात शांतता! तिन्ही गोष्टी एकाच थापेत! थाप माझी होती, हे वेगळं सांगायला नको. मी केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. घडावर नुसतं बोट टेकवून कच्चं-पिकलेलं सांगतो. माणसांचंही तसंच! माझा अंदाज आजवर चुकलेला नाही, असं मी त्या दिवसापर्यंत सगळ्यांना सांगत असे.

त्याचं असं झालं, की एका कंपनीने जुन्या वळणाच्या नव्या गिटारी बाजारात आणल्या. इलेक्ट्रिक गिटार, कारखान्यातून आजच निघालेली, पण दिसायला साठ वर्षांची! रंग पिवळट पडलेला, बटणं मळकी, आणि वाजवणाऱ्याचा कोपर टेकतो तिथला रंग उडून आतलं लाकूड दिसतंय. हे सगळं कंपनी मुद्दाम करून देते!

बुऱ्हाणपुरात गिटारवेडे फार नाहीत. सगळे मिळून एका रिक्षात बसतात. पण मतं विचाराल तर ट्रक लागेल! दत्तात्रय शेठच्या कापडाच्या दुकानात संध्याकाळी त्यांची बैठक बसते. शेठ म्हणजे त्यांचे कुलगुरू. कोजागिरीचा कार्यक्रमही तेच बसवतात. त्यांची स्वतःची जुनी गिटार मखमलीत गुंडाळून तिजोरीशेजारी उभी असते. तिला कोणी हात लावला तर शेठना ताप येतो.

"नव्या पोरीला पांढरे केस लावून आणलंय!" शेठ गरजले. "अरे, झीज कमवावी लागते! कारखान्यात रंग खरवडून कोणी उस्ताद होतं का?"

"काका, लोग फटी हुई नई जीन्स लेते ना?" मोहित म्हणाला. हा त्यांच्यातला तरुण, मोबाईलच्या दुकानात बसतो. "तसंच आहे हे. लुक जुना, अंदर का माल नवा. टेन्शनच नाही!"

"जीन्स फाटली तर पाय दिसतो. इथं माणसाची अक्कल दिसते! असली नकली गिटार घेऊन कोणी माझ्या स्टेजवर आला, तर मी त्याला पायरीवरूनच परत पाठवीन!"

योगेंद्र शेजारी बसून चहा पीत होता. त्याने अर्धा कप तसाच खाली ठेवला. कारण त्याने श्रावणातच ती गिटार मागवून ठेवली होती!

योगेंद्र वीज कार्यालयात कारकून आहे. स्वभावाने इतका गरीब, की कार्यालयातला पंखासुद्धा त्याला विचारून बंद पडत नाही. गेली कित्येक वर्षं तो कोजागिरीला गिटार वाजवतो, पण स्पीकरच्या मोठ्या खोक्यामागे उभा राहून. त्याच्या बायकोने, वैजयंतीने, त्याला वाजवताना पाहिलेलं नाही. तिला फक्त खोकं दिसतं. एकदा पुढे उभं राहावं, एवढीच त्याची इच्छा.

आणि पार्सल आलं कधी? ऐन पितृपक्षात!

आता आमच्या सासूबाई. मथुराबाई. मूळच्या फोपनारच्या, केळीच्या बागेत वाढलेल्या. पितरांच्या पंधरवड्यात त्या नवी काडेपेटी घरात येऊ देत नाहीत. साबण संपला तर शेजारून अर्धा घासलेला मागून आणतात! तिथे नवीकोरी गिटार?

योगेंद्रने मला कार्यालयाच्या सायकलस्टँडमध्ये बोलावलं. खोकं उघडलं. गिटार पाहिली मात्र, माझ्या डोक्यात दिवा लागला!

"अरे, ही नवी आहे हे सांगतंय कोण? आईला सांग, जुनी आहे. पंधरवड्यात जुनी वस्तू आणायला बंदी नाही. शेठलाही तेच सांग. एका दगडात दोघं गार!"

"दाजी, खोटं बोलायचं?"

"खोटं तर कंपनीच बोलतेय. तू फक्त होला हो म्हणायचं."

संध्याकाळी आम्ही गिटार घरी नेली. सासूबाईंनी चष्मा लावला.

"नवी आनली का रे?"

"नाही आई. जुनी आहे. वापरलेली."

सासूबाईंनी त्या उडालेल्या रंगावरून हात फिरवला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आणि तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"कोनाची व्हय?"

हा प्रश्न आम्ही धरलाच नव्हता!

"एका... वादकाची," योगेंद्र म्हणाला.

"एवढी घासून घासून वाजवली, मंग त्यानं इकली काऊन?"

योगेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छतावर पाल होती, तीही गप्प होती. तेवढ्या शांततेत सासूबाईंनी निकाल लावून टाकला.

"गेला का बिचारा?"

योगेंद्रने आवंढा गिळला. गिळताना त्याची मान खाली गेली आणि वर आली. संपलं! आमच्या घरात एक माणूस मेला, जो जन्मलाच नव्हता!

"अरेरे! कवा गेला? तिथी कोनती?"

"तिथी... माहीत नाही, आई."

"नसू दे. सर्वपित्री अमावस्या हायेच. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचं पान त्या दिवशी ठेवतात. त्याची वस्तू आपल्या घरात आली, मंग त्याच्या घासाचं पाहनं आपल्यालेच लागंन!"

"आई, कशाला एवढं?" मी म्हणालो.

"तुम्ही गप बसा जवाईबुवा. त्याचा जीव अडकला असंन याच्यात. कावळ्यानं पान शिवलं तं ठीक. नाही तं त्याची वस्तू त्याले परत. राजघाटावर नेऊन तापीत सोडून देऊ!"

योगेंद्रने गिटार छातीशी धरली. नवजात बाळालाही कोणी इतकं घट्ट धरत नाही!

दुसऱ्या दिवशी शेठ आणि मोहित गिटार बघायला हजर. वैजयंतीने आधीच बातमी दिली होती, की एका दिवंगत कलाकाराची गिटार घरात आली आहे. शेठनी चप्पल दाराबाहेर काढली, हात धुतले, आणि गिटारीकडे असे आले जसे दर्शनाला आले.

"बघ मोहित, नीट बघ! याला म्हणतात झीज!" शेठचा आवाज भरून आला. "असा कोपर टेकायला जन्म जातो. कुठल्या कारखान्याच्या बापाला जमणार नाही हे!"

"काका, पण ते कंपनीचं नवं मॉडेलपण सेम टू सेम..."

"चूप! त्या नकलीला असा वास येतो का?" शेठनी नाक लावलं. "तंबाखू! माणूस तंबाखू खात होता. आणि कार्यक्रम रात्र रात्र चालायचे. हाताने जड, मनाने हळवा. मला सगळं दिसतंय!"

मला फक्त एवढंच दिसत होतं, की आमच्या मृताला आता सवयीही लागल्या!

"मंग जेवायला काय आवडत असंन त्याले?" सासूबाईंनी विचारलं.

"अहो, स्टेजवरचे जुने लोक," शेठ ठामपणे म्हणाले. "मिरचीची भजी! त्याशिवाय त्यांच्या तारा लागत नसत!"

सासूबाईंनी वैजयंतीकडे पाहिलं. वैजयंतीने मिरच्या आणायला पिशवी उचलली. निघताना शेठनी योगेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला. "ती नकली घेतली असतीस तर तुझं तोंड पाहिलं नसतं. पण ही! हिचा मान ठेवलाच पाहिजे. अमावस्येला मी येतो पानाला नमस्कार करायला."

आता खरं बोललं तर शेठ गेले आणि स्टेज गेलं. नाही बोललं आणि कावळा शिवला नाही, तर गिटार तापीत! योगेंद्र मला म्हणाला, "दाजी, काही तरी करा." मी म्हणालो, "कावळा शिवेल रे. कावळ्याला काय कळतंय!" घडाचं वजन सांगावं इतक्या खात्रीने म्हणालो.

अमावस्येला दुपारी आम्ही सगळे गच्चीवर, शेठ आणि मोहितही. कठड्यावर दोन पानं. एक माझ्या सासऱ्यांचं, एक गिटारवाल्याचं. वडे, खीर, कढी, आणि गिटारवाल्याच्या पानावर वर मिरचीची भजी. गिटार खुर्चीवर, समोर उदबत्ती.

कावळा समोरच्या टाकीवर बसलेला. चांगला गलेलठ्ठ! पण जागचा हलेना. दोन्ही पानांकडे असा बघत होता, जसा माझा मालक उधारी मागणाऱ्याकडे बघतो.

"इच्छा राह्यली त्याची काही तरी," सासूबाई म्हणाल्या. "बोला रे, कबूल करा!"

योगेंद्र पुढे झाला. "मी रोज वाजवीन... तुमची गिटार."

कावळ्याने चोच पुसली.

वैजयंती म्हणाली, "कोठीच्या खोलीत कानाला हेडफोन लावून नाही, हॉलमध्ये वाजवू देईन. मोठ्याने! मी टीव्ही बंद ठेवीन!" एवढं बोलताना तिचा चेहरा बघवत नव्हता.

कावळा नाही.

मोहितने हात जोडले. "माझा नवीन ॲम्प्लिफायर योगेंद्र भैयाकडेच ठेवतो. कसम से!"

कावळ्याने आमच्याकडे पाठ केली.

मग शेठ! त्यांनी डोळे मिटले. "उस्ताद, तुमची गिटार यंदा कोजागिरीला सगळ्यांत पुढे उभी राहील. योगेंद्र वाजवेल. मी मागे ढोलकीजवळ बसेन. शब्द आहे!"

कावळा उडाला! वर गेला, गोल फिरला... आणि परत टाकीवर.

मी मात्र काहीच कबूल केलं नाही. फुकटचा शब्द देणं माझ्या स्वभावातच नाही.

"उचला," सासूबाई उठल्या. "त्याले त्याची वस्तूच पाहिजे. योगेंद्र, रिक्षा बोलाव. राजघाट!"

त्यांनी गिटारीची मान धरली. आणि योगेंद्र, जो कार्यालयात रजाही दुसऱ्याच्या तोंडून मागतो, तो गिटारीसमोर आडवा उभा राहिला!

"आई, कोणी मेलेलं नाही!"

सासूबाईंचा हात गिटारीच्या मानेवरून सुटला.

"ही नवी आहे. जुनी दिसते, तशीच करून देतात. श्रावणात मागवली, आली पंधरवड्यात. तुला सांगितलं असतं तर तू परत पाठवली असतीस, आणि मला राहवलं नाही. इतकी वर्षं खोक्यामागे उभा आहे, आई. एकदा वाटलं, पुढे उभं राहावं."

सासूबाईंनी उडालेल्या रंगावर पुन्हा बोट फिरवलं.

"म्हंजे तो वादक?"

"नव्हताच."

"त्याची बायको, लेकरं?"

"कोणीच नाही, आई."

"बरं झालं बाप्पा!" सासूबाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले. "म्या इतके दिवस त्याच्या बायकोच्या काळजीत व्हती. घर कसं चालवत असंन ती, म्हनून!"

एवढा वेळ शेठ गिटारीकडे टक लावून होते. मग खाकरले.

"मला पहिल्याच दिवशी संशय आला होता."

"काका!" मोहित ओरडला. "आप तो तंबाखू सूंघ रहे थे!"

तेवढ्यात पंख फडफडले. कावळा आला तो थेट सासऱ्यांच्या पानावर! वडा उचलला आणि गेला. सासूबाईंनी हात जोडले.

"पाह्यलं? यांचं जेवन खोळंबलं व्हतं. खोटं चालत नव्हतं त्याहीले. पोरगं खरं बोललं तवा जेवले!"

शेठनी हळूच चप्पल शोधायला सुरुवात केली. "मग काकू, ते माझं स्टेजचं... ते तर त्या उस्तादाला म्हटलं होतं. उस्तादच नाही म्हटल्यावर..."

"शब्द पितरांच्या पानापुढं देला ना?"

"दिला."

"मंग पाळा!"

वैजयंतीने माझ्या बायकोकडे, रजनीकडे, केविलवाणं पाहिलं. पण वैजयंतीचाही शब्द त्याच पानापुढचा होता. योगेंद्र उभ्या उभ्या हसत होता, आणि मी त्या गडबडीत जिन्याकडे सरकत होतो.

"जवाईबुवा!" सासूबाई म्हणाल्या. "जुनी हाये म्हनून सांगायची अक्कल योगेंद्राची नाही. त्याले एवढं सुचत नाही."

योगेंद्रने माझं नाव घेतलं नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं. छतावर पाल नव्हती. छतच नव्हतं!

"जवायाले मी काय बोलनार?" सासूबाईंचा आवाज एकदम गोड झाला. "पन हे दुसरं पान पडून हाये. अन्न टाकता येत नाही. जो मेलाच नाही त्याचं पान काही पितराचं नव्हं. ज्यानं त्याले पैदा केलं, त्यानं जेवावं. बसा!"

बसलो. गार कढी, गार खीर, आणि शेठच्या उस्तादाची मिरचीची भजी. सगळे भोवती उभे. पहिला घास उचलला, आणि टाकीवरून तो गलेलठ्ठ कावळा सुसाट खाली आला! माझ्या पानातलं भजं उचललं आणि पसार!

सगळ्यांच्या माना कावळ्यामागे वळल्या. मग रजनी म्हणाली,

"अहो, शिवला की! तुमची काही इच्छा राहिली नाही म्हणायची!"

तर खर्चाची बाजू अशी. शेठनी पुढची जागा दिली, आणि हल्ली दुकानात ते "नव्या गिटारीतही जीव असतो" असं सांगतात. मोहितचा ॲम्प्लिफायर गेला. वैजयंतीची संध्याकाळ गेली. पण कोजागिरीला नवरा खोक्याच्या पुढे उभा राहिला, तेव्हा सगळ्यांत आधी टाळी तिनेच वाजवली, म्हणून तिचं नुकसान मी अर्धंच धरतो. योगेंद्रला काहीच भरावं लागलं नाही. आणि माझं? नुसतं एक भजं गेलं. पण तेव्हापासून सासरी मी उंबऱ्यात पाऊल टाकलं, की वैजयंती वहिनी आधी विचारते, "दाजी, तुम्ही अजून आहात ना?"