अंशुमनराव दातार मोटारीवरून उतरून समालोचनास बसले, त्याची हकीकत

मोटारी धावतात, धूर विरतो, आणि कोण कैसा धावला हे सांगणारा तेवढा मागे उरतो. हे जाणोन, चंदीगड प्रांती अंशुमनराव दातार यांनी जी फत्ते केली, ती पदरचे तिखटमीठ बेताने घालून लिहितो. अधिकउणे श्रोत्यांनी सांभाळावे.

अंशुमनराव हे कर्नल दातार यांचे चिरंजीव. तीर्थरूपांची बदली चंडीमंदिरच्या छावणीत जाहली तेव्हा आले, आणि तीर्थरूप पुण्यास परतले तरी हे मुलूख सोडीनात. कारण येथे त्यांस स्टॉक कारच्या शर्यतींचा नाद लागला. म्हणजे मोटार बाहेरून बाजारात मिळते तैशीच, आत पोलादी पिंजरा, आणि पिंजऱ्यात स्वार. डेराबस्सीपलीकडील माळावर दर हिवाळ्यात हे रण माजे, आणि दर हिवाळ्यात रावसाहेब शिकस्त खात. कधी टायर फितूर जाहले, कधी गियरने दगा दिला, आणि एकदा तर खासा स्वारी छोले-भटुऱ्यांच्या तंबूत शिरून कढईपाशी मुक्कामास राहिली. मग घरी येऊन त्या पराभवाचे ऐसे बहारीचे वर्णन करीत, की जिंकला कोण हे पुसण्याचे भान कोणास न राहे.

पुढे एका वळणावर ब्रेक दाबता मोटार उलटली आणि खांद्याचे हाड मोडले. तेव्हा पत्नी ऋजुताबाईंनी इस्पितळातच हुकूम फर्माविला, "अहो, गाडी पुरे झाली आता. हरून आल्यावर जे बोलता ना, तेवढं मात्र तुम्हाला झकास जमतं. त्याचा कुणी पगार देतंय का बघा!"

सेक्टर बावीसमध्ये बुटांच्या दुकानावरील माडीत एक क्रीडावाहिनी नांदत होती. तिचे धनी देवेंद्रजी यांस समालोचक हवा होता. जो कधी जिंकलाच नाही तो थोडक्या पगारात राहील, ऐसी दूरदृष्टी चालवून त्यांनी रावसाहेबांस चाकरीस ठेविले, आणि पहिल्याच शर्यतीस हुकूम दिला की, आमचे भाचे सिद्धांतजी धावणार आहेत, सबब त्यांचेच नाव अखंड घ्यावे.

झेंडा पडला, आणि भाचेसाहेबांची मोटार पहिल्या वळणावर धाप टाकून जी उभी राहिली ती राहिलीच. रावसाहेबांच्या कानात यंत्र होते, त्यातून धन्यांची ताकीद चालू होती. मग रावसाहेब घसा खाकरून वदले, "सिद्धांतजी बड़े सब्र से खेल रहे हैं जी!" आणि बोलता बोलता कानाच्या पाळ्या तापल्या. आजवर हरले बहुत, परंतु ऐसी शरम वाटली नव्हती.

इकडे आघाडीवर कश्मिरा नामे सांगलीची मुलगी होती. मोहालीतील कंपनीत संगणकाची चाकरी करी आणि सुट्टीच्या दिवशी मोटार हाणी. तिचे नाव घेण्याची परवानगी नव्हती. अखेरच्या फेरीत तिचे मागील टायर फुटले, लोखंड डांबरावर घासून ठिणग्या उडाल्या, आणि समोर तेच वळण आले, जेथे रावसाहेबांचे हाड मोडले होते. तेव्हा ते खुर्ची लोटून उठले, हिंदी विसरले, वाहिनी विसरले, आणि माईकवर गरजले, "ब्रेक नको! पोरी, ब्रेक नको मारूस! स्टिअरिंग घट्ट धर! जाऊ दे, जाऊ दे तिला!"

कानात धनी कडाडले, "ये क्या बोल रहे हो? सिद्धांत बोलो, सिद्धांत!"

रावसाहेबांनी यंत्र उपसून चहाच्या पेल्यात बुडविले, आणि शांतपणे सांगितले, "सिद्धांत की गाड़ी पहले मोड़ पर खड़ी है जी, शुरू से। जीत कश्मिरा रही है।" आणि मोटार डगमगत, घासत, परंतु उलटल्याविना वळण पार करून रेषेपलीकडे गेली. रावसाहेब मटकन बसले. डोळे पुसले, ते धुळीमुळे ऐसे लोकांस सांगितले.

दुसरे दिवशी धन्यांनी बडतर्फीचा हुकूम देण्यास त्यांस माडीवर बोलाविले. परंतु तोवर ती आरोळी घरोघरच्या मोबाइलांवर पोहोचली होती, सरदारजी एकमेकांस "ब्रेक नको यार!" म्हणून हाका मारीत होते, आणि जाहिरातदार खाली बुटांच्या दुकानापर्यंत रांग लावून उभे होते. मग देवेंद्रजींस एकाएकी स्मरले की, मराठीत ओरडण्याची मसलत मूळची आपलीच. बडतर्फी रद्द जाहली, आणि नवा हुकूम सुटला की, अंशुमनरावांनी येथून पुढे दर शर्यतीत एकदा तरी उत्स्फूर्तपणे ओरडावे.

रावसाहेबांनी तह केला तो एकाच कलमावर, की जो पुढे असेल त्याचेच नाव पुढे घेऊ. धन्यांनी रांगेकडे पाहून मान डोलाविली.

येणेप्रमाणे युद्ध सरले. शर्यत कश्मिराबाईंनी जिंकली, श्रेय देवेंद्रजींनी घेतले, चषकासवे छबी भाचेसाहेबांनी काढविली, आणि एक कलम अंशुमनरावांनी राखिले. उभ्या हयातीत त्यांची ही पहिली फत्ते, आणि तीही बसल्या खुर्चीत जाहली.