पाण्याला नख पुरतं

मी शिवलेली पहिली उशी तात्यांनी माझ्या डोळ्यांदेखत बुडवून मारली.

खोटं सांगत नाही. तिच्या छातीवर दोन्ही पंजे ठेवून त्यांनी तिला निळ्या पिंपाच्या तळापर्यंत दाबलं आणि तोंडाने आकडे मोजत राहिले. अबोली रंगाची, कडेला पांढरी झालर लावलेली, दोन महिने खपून शिवलेली माझी उशी. एकोणीस, वीस, एकवीस. एकविसाव्याला तिच्या कडेतून बुडबुडे येऊ लागले. मी हौशी रंगभूमीवर तीनदा मेलेली बाई आहे, एकदा विषाने, एकदा क्षयाने आणि एकदा प्रेक्षकांमुळे. पण इतकं परिणामकारक मरण मला कधी साधलं नव्हतं.

"बघ गो बाय," तात्या म्हणाले, "तुझी उशी बोलते हाय."

"काय म्हणते?"

"आत हवा हाय म्हणते. हवा बाहेर येते म्हणजे फट हाय. पाण्याला बोट लागत नाय. नख पुरतं."

"तात्या, ही माझ्या सोफ्यावर ठेवायची आहे. आमच्या दिवाणखान्यात भरती येत नाही."

"अजून आली नाय," तात्या म्हणाले आणि पुढच्या बाईच्या उशीला हात घातला.

तात्यांनी आयुष्यभर भाट्याच्या खाडीकाठी लाकडी होड्या बांधल्या आणि दुरुस्त केल्या. दोन फळ्यांमधल्या सांध्यात कापूस ठोकून भरायचा, वर तेल-राळ चोपडायची, म्हणजे होडी पाणी घेत नाही. या कामात तात्यांचा हात धरणारा रत्नागिरीत कोणी नव्हता. मग फायबरच्या होड्या आल्या. फायबरला सांधे नसतात, त्यामुळे तात्यांना काम नसतं. माडांतली त्यांची शाकारलेली पडवी ओस पडली. पण लहानपणी बापाच्या हाताखाली शिडं शिवलेली, त्यामुळे सुई हातात होतीच. एका गणपतीत त्यांनी घरच्या मूर्तीमागे ठेवायला लोड शिवला. तो बघून वाडीतल्या बायका म्हणाल्या, आम्हाला शिकवा. तात्यांनी पडवी झाडली, कापसाचं पोतं आणलं आणि होडीखाली ठेवायचे ठोकळे बसायला मांडले. तेव्हापासून दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी तिथे वर्ग भरतो. ज्यांनी आयुष्यात बटणसुद्धा लावलेलं नाही त्यांनीच यावं, अशी अट. "शिकलेली बाय नको. शिकलेली घाई करते."

उशी शिवणं सोपं असतं, हे मी आता अधिकाराने सांगते. कापडाचे दोन सारखे चौकोन घ्यायचे. सुलट्या बाजू एकमेकींवर ठेवायच्या, म्हणजे उलटी बाजू बाहेर. तीन बाजू पुऱ्या शिवायच्या आणि चौथ्या बाजूला मध्ये चार बोटं जागा मोकळी सोडायची. तिला तोंड म्हणतात. कोपरे तिरके छाटायचे, त्या तोंडातून अख्खी उशी बाहेर ओढून सुलटी करायची, कापूस भरायचा आणि तोंड आतल्या टाक्याने शिवून टाकायचं. कुठल्याही वर्गात हे एका दुपारी होतं. तात्यांच्या वर्गात दोन महिने लागतात.

एक तर तात्या उशीला उशी समजत नाहीत. तिला नाळ असते, म्हणजे होडीचं पुढचं टोक. ती कुठली हे तात्या ठरवतात आणि बाईने विसरायचं नसतं. कापूस हाताने भरायचा नाही, लाकडी मोगरीने ठोकून बसवायचा. माझी उशी मेलेल्या अवस्थेतून वाळून घरी आली, तेव्हा माझ्या नवऱ्याने ती पाठीशी घेतली, दोन मिनिटं बसला आणि शांतपणे विचारलं, "घरात चिरा कशाला आणलास? बांधकाम काढायचंय?" आमच्याकडे आलेला एक पाहुणा तिच्यावर डोकं टेकून झोपला होता. तो पुन्हा आलेला नाही.

आणि दुसरं, उशीचं तोंड. उशीचं तोंड कुठल्याही बाईने शिवायचं नाही. ते तात्याच शिवणार. मेण ओढलेला दुहेरी दोरा, ओठ घट्ट मिटलेले, आणि टाके इतके जवळ की मुंगीने वाट विचारावी. एकदा आमच्या नलूताईंनी घरी बसून स्वतःच तोंड शिवून आणलं. नलूताई पोस्टातून निवृत्त झालेल्या, त्यांना पाकिटं बंद करण्याची सवय. तात्यांनी उशी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि एकेक टाका उसवला. तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. आम्ही सगळ्या हसलो. मी जरा जास्तच हसले, कारण तो थरथरता हात पुढे मला कुठेतरी वापरता येईल असं वाटलं. नक्कल करणाऱ्या बाईची नजर ही अशी गिधाडाची असते.

मला खरी मेजवानी मात्र मिळाली ती सुमनमुळे.

सुमन म्हणजे तात्यांच्या धाकट्या भावाची, वसंताची, बायको. पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी. तात्यांच्या घराच्याच दुसऱ्या अर्ध्यात राहते. एकही दिवस न चुकता वर्गाला येते आणि दाराजवळच्या ठोकळ्यावर बसते. सगळ्यांत चांगलं शिवते. आणि तात्यांशी एक अक्षर बोलत नाही. तात्याही तिच्याशी बोलत नाहीत. दोघांत दोन हातांचं अंतर, पण बोलणं सगळं माझ्यामार्फत, कारण माझा ठोकळा मधला.

"तिला सांग, टाका मोठा पडतोय."

"सुमन, टाका मोठा पडतोय."

"त्यांना सांगा, चष्मा पुसा."

मला वाटलं, जुनी रीत आहे. थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीने तोंड वर करून बोलू नये, असं माझ्या आजोळीही होतं. तेव्हा मी हे टेलिफोन एक्सचेंज आनंदाने चालवलं. आनंदाने म्हणजे थोडी भर घालून. सुमन म्हणाली, "त्यांना सांगा, मेण संपलंय," की मी सांगायची, "तात्या, ती म्हणते, तुमच्या हाताला मेणाचीही गरज नाही, पण संपलंय." तात्यांचे कान लाल व्हायचे. सुमन माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "मी असं म्हटलं नाय." पण रागाने नाही.

आणि दर वर्गाच्या शेवटी एक निरोप ठरलेला. सुमनची स्वतःची एक उशी होती, निळ्या चौकटीच्या कापडाची. शिवून झाली होती, कापूस भरून झाला होता, फक्त चार बोटांचं तोंड उघडं होतं. ती उशी ती पिशवीतून आणायची, मांडीवर ठेवायची, दुसरंच काहीतरी शिवायची आणि संध्याकाळी तशीच घेऊन जायची. सहा महिने.

"तिला सांग," तात्या पिंप पालथं करता करता म्हणायचे, "तोंड उघडं किती दिवस ठेवणार? कापूस ओल धरेल."

मी सांगायची.

"त्यांना सांगा, राहूंदे," सुमन म्हणायची.

यंदा संक्रांतीनंतर माझ्याकडे हळदीकुंकू होतं. वाडीतल्या वीस-पंचवीस बायका, तिळगूळ, आणि मधोमध मी. गिऱ्हाईक समोर असलं की मला राहवत नाही. मी पदर खोचला आणि तात्या झाले. रिकाम्या पातेल्यात सोफ्यावरची उशी दाबून एकवीस मोजले. मग डावीकडे तोंड करून तात्या, उजवीकडे करून सुमन. तिला सांग, त्यांना सांगा. सुमन आली नव्हती, हे बघूनच घेतलं होतं. शेवटी नलूताईंच्या उशीचे टाके उसवताना थरथरणारे हात करून दाखवले.

कोणी हसलं नाही. मला वाटलं, हात नीट जमला नसेल. म्हणून मी पुन्हा केला.

नलूताईंनी मला स्वयंपाकघरात नेलं. "तू या वाडीत लग्न होऊन आलेली नाहीस," त्या म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वी फ्लॅट घेऊन आलीस. म्हणून सोडून देते."

मग त्यांनी सांगितलं. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. वसंताची होडी पावसाळ्याचे महिने वर ओढून ठेवलेली, तात्याच दुरुस्त करत होते. नारळी पौर्णिमा झाली, होडी दुसऱ्या दिवशी पाण्यात घालायची होती. सगळे सांधे भरून झाले. मागच्या अंगाला, पाण्याच्या रेषेखाली, चार बोटं सांधा राहिला. तेवढ्यात वाडीत जाखडी नाचाची तालीम सुरू झाली. तात्या मृदंग वाजवायचे, त्यांच्याशिवाय तालीम उभी राहत नसे. पोरं हाक मारायला आली. तात्यांनी त्या चार बोटांत बोळा कोंबला आणि म्हणाले, "सकाळी भरतो." सकाळी ते उठून किनाऱ्यावर पोचेपर्यंत वसंताने भरती साधून होडी घातली होती. भावाच्या हातची होडी, तपासायची कशाला.

दुपारपर्यंत बोळा टिकला. बाकीचे खलाशी उड्या टाकून वाचले, दुसऱ्या होडीने त्यांना उचललं. वसंता पाणी उपसायला इंजिनाच्या खणात उतरला होता. तो सापडला नाही. होडीही नाही.

"तेव्हापासून मृदंग खुंटीला हाय," नलूताई म्हणाल्या. "आणि सुमन त्यांच्याशी बोललेली नाय. वर्ग सुरू झाला तशी पहिल्या दिवशी येऊन बसली. का येते, देव जाणे." मग त्यांनी गॅस बारीक केला. पुरण लागत होतं.

बुधवारी मी गेले नाही. शनिवारी गेले, कारण न जाणं जास्त दिसलं असतं. माझा मधला ठोकळा रिकामा ठेवलेला होता.

तात्यांनी नेहमीसारख्या तिघींच्या उशा मारल्या. मी खाली मान घालून शिवत होते आणि चौथ्या बाजूला आले. बोटं मोजून चार बोटं खूण केली आणि माझी सुई तिथेच थांबली. आजवर ही चार बोटं मी किती उशांवर मोजली होती. आणि दर उशीवर तो माणूस ती चार बोटं बुजवत बसला होता.

दुपार कलली. तात्यांनी पिंप पालथं करायला हात घातला.

"तिला सांग," ते म्हणाले, "तोंड उघडं किती दिवस ठेवणार? कापूस ओल धरेल."

मी तोंड उघडलं. मी, जिला कधी प्रॉम्प्टर लागला नाही. शब्द आले नाहीत. तात्या वाट बघत राहिले. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. "गो बाय, तिला सांग," ते पुन्हा म्हणाले. मी मान हलवली, नाही म्हणून. पडवीत सगळ्यांच्या सुया थांबल्या.

निरोप तसाच मध्ये लोंबकळत राहिला. मग सुमन उठली. पिशवीतून ती निळ्या चौकटीची उशी काढली, माझ्या अंगावरून पुढे गेली आणि उशी तात्यांच्या मांडीवर ठेवली.

"शिवा," ती म्हणाली.

तात्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. दोऱ्याला मेण ओढलं. सुईत दोरा ओवायला त्यांना चार वेळा प्रयत्न करावा लागला, आणि कोणी मदतीला पुढे झालं नाही. चार बोटं. तेवढं शिवायला त्यांना इतका वेळ लागला की खाडीचं पाणी उतरून चिखल दिसायला लागला होता. शेवटची गाठ मारून दोरा दातांनी तोडला आणि सवयीने ते उशी घेऊन पिंपाशी गेले. पाण्यावर धरली. हात खाली जाईनात.

सुमनने त्यांच्या हातातून उशी घेतली आणि स्वतः दाबली. कोणी मोजलं नाही. बुडबुडे आले. एका जागेवरून नाही, सगळीकडून, बारीक बारीक.

"कापडातनं जातंय, भावोजी," सुमन म्हणाली. "टाक्यातनं नाय."

तात्यांनी पिंपाच्या कडेला हात टेकले.

"लाकडातनं जात नाय गो, सुमन," ते म्हणाले.

"माहीत हाय मला."

एवढंच. आवाज चढला नाही, खाली आला नाही. तिने उशी बाहेर काढली, पिळली, निळा रंग थोडा तिच्या हातांना लागला. पडवीच्या बुटक्या दगडी गडग्यावर, जिथे शेवटचं ऊन होतं, तिथे ती उशी ठेवली आणि शेजारच्या ठोकळ्यावर बसली. आम्ही एकेक करून निघालो. नलूताईंनी माझा हात धरला होता, मी काही बोलू नये म्हणून. मी बोलणार नव्हते.

मोगरीने ठोकलेला कापूस एका दिवसात वाळत नाही. दुसऱ्या दिवशी रविवार, वर्ग नसतो. मी बाजारातून येताना मुद्दाम खाडीकडून आले, गिधाडाची खोड जात नाही. उशी गडग्यावर होती. तात्या पडवीच्या एका टोकाला, सुमन दुसऱ्या. कोणी बोलत नव्हतं. सावली उशीपर्यंत आली, तसे तात्या उठले, तिला हातभर उन्हात सरकवलं आणि परत जागेवर जाऊन बसले. थोड्या वेळाने सावली पुन्हा आली. या वेळी सुमन उठली.