कूलर चालू आहे

घरातला दिवा मालवायचा तर माणसाला जागेवरून उठावं लागतं, ही मानवजातीची सर्वांत जुनी आणि सर्वांत दुर्लक्षित आपत्ती आहे. महापूर, दुष्काळ, साथीचे रोग यांच्यासाठी वेळोवेळी समित्या नेमल्या गेल्या. पण अंथरुणातून उठून बटनापर्यंत चालत जाणाऱ्या माणसाच्या हालांकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. (बटन साधारणपणे दाराजवळ असतं. दार साधारणपणे लांब असतं.) ही उणीव दूर करण्याचा मान रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या भार्गव पिंपळापुरे याच्याकडे जातो, आणि तो त्याच्याकडून कोणी काढून घेऊ नये.

भार्गव नवा रायपूरच्या एका संचालनालयात सहायक संचालक आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले आकडे राजधानीत बसून खरे मानणं, हे त्याच्या शाखेचं काम. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. आकडा खरा मानायला सराव लागतो, आणि प्रत्यक्ष जाऊन बघण्याचा मोह फार कसोशीने आवरावा लागतो. भार्गवने तो इतकी वर्षं आवरला, की त्याच्यावर वरिष्ठांची विशेष मर्जी आहे.

घरात माणसं तीन. भार्गव, त्याची बायको पूर्णिमा आणि वडील दत्तोपंत. पूर्णिमा कॉलेजात शिकवते. दत्तोपंत टपाल खात्यातून निवृत्त झालेले, ऐंशीला टेकलेले. नवराबायको सकाळी आपापल्या कामावर गेली की दिवसभर घर आणि दत्तोपंत एकमेकांना सांभाळतात. मे महिन्यात रायपूरला ऊन कसं पडतं हे रायपूरकराला सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना सांगून पटत नाही. तेव्हा दत्तोपंतांचा सगळा उन्हाळा त्यांच्या खोलीतल्या कूलरच्या भरवशावर. डॉक्टरांनी भार्गवला बजावून सांगितलं होतं, की या वयात ह्यांना दुपारचं ऊन बाधलं तर आमच्याकडे आणायलासुद्धा वेळ मिळणार नाही.

भार्गव कर्तव्यदक्ष मुलगा. तो रोज जेवणाच्या सुट्टीत घरी फोन करायचा. "जेवले का बाबा? कूलर चालू आहे न? पाणी भरलं त्यात?" दत्तोपंत प्रत्येक प्रश्नाला हो म्हणायचे, मग शेजारच्या राधादीदीच्या मांजरीने काय केलं ते सांगायचे, मग गुडघ्याचं सांगायचे. यात भार्गवची सुट्टी संपून जायची. प्रशासकीय दृष्टीने पाहिलं तर एका ओळीच्या माहितीसाठी हा फार मोठा अपव्यय होता.

म्हणून त्याने स्मार्ट प्लग आणले. ज्यांच्या घरात अजून ही प्रगती पोचलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्मार्ट प्लग म्हणजे भिंतीतलं सॉकेट आणि कूलरची पिन यांच्यामध्ये बसणारा एक पांढरा ठोकळा. पूर्वी कूलर लावायला एक बटन पुरायचं. आता बटन, ठोकळा, वायफायचा डबा, डब्याची वायर, वायरवाली कंपनी, कुठल्या तरी परक्या मुलखातला सर्व्हर, तिथून पुन्हा परत, मग मोबाइल आणि मोबाइलमधलं अ‍ॅप, एवढी मंडळी एका वेळी राजी झाली की कूलर लागतो. (लग्न जमायलाही साधारण एवढ्यांचीच संमती लागते, आणि लग्नं होतातच की.)

पहिल्या पंधरवड्यात प्लगांनी घरावर चांगलीच पकड बसवली. भर दुपारी गीझर आपणहून तापू लागला. मोटर बंद व्हायचं नाव घेईना, आणि टाकीचं पाणी गल्लीतून थेट महामाया मंदिराच्या दिशेने निघालं. दिवाणखान्यातला दिवा लागायचा, पण तो लावावा असं घरातल्या कोणालाच वाटलेलं नसायचं. पूर्णिमा एक दिवस वैतागून म्हणाली, "अहो, काय करून राहिले तुमी? साधं बटन होतं, दाबलं की लागत होतं. आता चहा करायचा तर आधी पासवर्ड टाका!"

"तुले समजत नाही," भार्गव म्हणाला. "सिस्टीम सेट व्हायला टाइम लागते."

त्याने रीतसर चौकशी केली. कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या मृदू आवाजाच्या मुलीने प्लग काढून पुन्हा लावायला सांगितलं, मग डबा बंद करून पुन्हा लावायला सांगितलं, मग अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला सांगितलं, आणि मी आज आपली आणखी काही मदत करू शकते का असं विचारलं. भार्गवचा सिलतऱ्याच्या कारखान्यात नोकरीला असलेला मेहुणा अश्विन म्हणाला की हा सगळा व्होल्टेजचा खेळ आहे. प्लग विकणाऱ्या भनपुरीच्या दुकानदाराने हवामानाला दोष दिला. या सर्वांचं म्हणणं एकत्र करून भार्गवने निष्कर्ष काढला, की प्लग बंद पडण्याची शंभर टक्के कारणं प्लगच्या बाहेर आहेत. इतका निर्दोष माल बाजारात दुसरा मिळणं कठीण.

बाहेरच्या कारणांत सगळ्यात मोठं कारण घरातच निघालं. ते म्हणजे दत्तोपंत.

दत्तोपंतांच्या पिढीत खोलीतून बाहेर पडताना बटन बंद करणं हा संस्कार होता. माणूस एक वेळ देवाला नमस्कार करायला विसरेल, पण पंखा चालू सोडून जाणार नाही. पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं तरी दत्तोपंत आधी कूलरचं बटन बंद करायचे, आणि भिंतीचं बटन बंद झालं की स्मार्ट प्लग जागच्या जागी मरतो. मग नवा रायपूरमध्ये भार्गवच्या हातातल्या मोबाइलवर लाल ठिपका यायचा, आणि संचालनालयाच्या कामात व्यत्यय यायचा.

"बाबा, बटनाले हात नका लावू," भार्गवने सांगितलं.

"काहून? माझ्याच खोलीतलं बटन आहे न ते?"

"तुमी बटन बंद केलं का प्लगले काही समजत नाही. मीच लावतो, मीच बंद करतो. तुमी फक्त बसा."

"अरे, पण मी इथं अन् तू तिथं. मले गरम होते का थंड, तुले कसं समजन?"

"अ‍ॅपमध्ये दिसते," भार्गव म्हणाला. यावर वाद घालण्यासारखं दत्तोपंतांकडे काही नव्हतं. त्यांच्याकडे नुसतंच अंग होतं.

पण सवय जाईना. हात आपोआप बटनाकडे जायचा. शेवटी भार्गवने सुताराला बोलावून बोर्डावर प्लायवूडची पेटी ठोकून घेतली, तिला छोटं कुलूप घातलं आणि किल्ली पूर्णिमाच्या जुडग्यात अडकवली. बाहेरून त्याने सुवाच्य अक्षरात सूचना चिकटवल्या. बटनास कोणीही हात लावू नये. प्लग बंद असल्यासारखा वाटल्यास घाबरू नये. थोडा वेळ थांबावे, तो स्वतःहून येतो. उगाच फोन करू नये.

दत्तोपंतांनी चष्मा लावून त्या वाचल्या. आयुष्यभर त्यांनी वरून आलेल्या परिपत्रकांप्रमाणे टपाल वाटलं होतं, आणि एकाही परिपत्रकाला कधी 'काहून' म्हटलं नव्हतं. हेही परिपत्रकच होतं. त्यांनी ते पाळायचं ठरवलं.

त्या दिवसापासून व्यवस्था एकदम सुरळीत झाली. भार्गवच्या मोबाइलवर 'बाबांचा कूलर' असं लिहिलेलं असायचं आणि शेजारी हिरवा ठिपका. जेवणाच्या सुट्टीतला फोन आपोआप बंद पडला. विचारायचं काय, उत्तर तर समोर दिसतंय! मांजर आणि गुडघा हे विषय कायमचे निकाली निघाले. भार्गव आता डबा खाताना नुसता ठिपका बघायचा आणि त्याला वडिलांची सेवा केल्याचं समाधान मिळायचं. खरं सांगायचं तर हे समाधान फोनवरच्या समाधानापेक्षा जास्त होतं, कारण ठिपका मध्येच खोकत नाही.

मग मेच्या शेवटच्या आठवड्यात एके दुपारी पुरानी बस्तीतली वीज गेली आणि लगेच आली. एवढंच झालं. ती गेली तेव्हा प्लग आणि त्याची लाल खबर पोचवणारा वायफायचा डबा एकदमच विझले, आणि आली तेव्हा प्लग जागा झाला, पण त्याला वायफायचा डबा ओळखीचा वाटेना. कूलर बंद राहिला. अ‍ॅपने मात्र आपल्याला शेवटचं जे कळलं होतं ते इमानाने धरून ठेवलं. (खोटं ते बोललं नाही, जुनं खरं बोलत राहिलं. भार्गवच्या शाखेत यालाच अद्ययावत माहिती म्हणतात.)

छताचा पंखा फिरत होता. तो खोलीतली गरम हवा उचलून दत्तोपंतांच्या अंगावर टाकत होता. दत्तोपंतांनी सूचना वाचली. थोडा वेळ थांबले. आणखी थोडा वेळ थांबले. शेवटची सूचना मोडायची का यावर बराच विचार केला, आणि मग फोन लावला.

भार्गव तेव्हा मीटिंगच्या खोलीत वरिष्ठ साहेब नीलकंठराव यांना अ‍ॅपच दाखवत होता. आपल्या वृद्ध वडिलांची खोली आपण इतक्या लांबून कशी थंड ठेवतो ते पाहून नीलकंठराव भारावले होते. "आजकल कौन करता है माँ-बाप के लिए इतना," ते म्हणत होते.

"भार्गव, कूलर बंद आहे रे," दत्तोपंत म्हणाले.

"नाही बाबा, चालू आहे. माझ्या समोरच आहे न, पाहून राहिलो मी."

"चालू आहे?"

"हव. हिरवा दिसून राहिला."



"बरं मग," दत्तोपंत म्हणाले. "मले गरम होऊन राहिलं म्हणून वाटलं."

त्यांनी फोन ठेवला.  ज्याने हजारो लोकांच्या दारात उभं राहून त्यांची पत्रं हाका मारून दिली, त्या माणसाने आपल्याला होणारी तलखी चुकीची ठरवली आणि तो गुपचूप पलंगावर जाऊन बसला. भार्गवला प्लग एकदा बंद करून लावून बघता आला असता. पण समोर आलेल्या खबरीला 'काहून' म्हणायचं नाही, हा गुण त्यालाही वडिलांकडूनच आला असावा.

दिवस उतरायच्या आत राधादीदी बासीचा वाडगा घेऊन आली. उन्हाळ्यात ती बाबूजींना, म्हणजे दत्तोपंतांना, रोज एक वाडगा बासी देते, रात्रभर पाण्यात भिजवलेला थंडगार भात, कांद्यासकट. तिने हाक मारली, आतून उत्तर आलं ते भलतंच. दत्तोपंत पलंगावर कोरडेठाक बसले होते, अंग तापून चटके बसत होते, आणि ते एकेका गावाचा पिनकोड मोठ्याने सांगत होते. अभनपूर, आरंग, तिल्दा. राधादीदीने वाडगा खाली ठेवला. पेटीला कुलूप दिसलं तशी तिने स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि पेटी, सूचना आणि ठोकळा या तिन्हींचा एका दमात निकाल लावला. कूलरची पिन तिने थेट भिंतीत खुपसली, बाबूजींना ओल्या चादरीत गुंडाळलं आणि गल्लीतल्या दोघांना बोलावून त्यांना ऑटोत घातलं. मग भार्गवला फोन केला.

"भैया, बाबूजी को अस्पताल ले जा रही हूँ. लू लग गई है. सीधे वहीं आओ."

"लेकिन दीदी," भार्गव म्हणाला, "कूलर तो चालू है न?"

राधादीदीने यावर जे उत्तर दिलं ते छत्तीसगढीत होतं आणि छापण्यासारखं नाही. भार्गवने पुन्हा मोबाइल पाहिला. ठिपका अजून हिरवाच होता. तेव्हा प्लगचे तुकडे होऊन जमिनीवर पडले होते.

दत्तोपंत वाचले. डॉक्टर भार्गवला जे बोलले ते त्याने खाली मान घालून ऐकलं. त्याला खरोखर वाईट वाटलं आणि बाहेरच्या बाकावर तो रडलाही. मग डोळे पुसून त्याने मदतकेंद्राला फोन लावला. कंपनीने फोटो मागवले, तुकडे तपासले आणि कळवलं, की सदर प्लग मानवी हस्तक्षेपामुळे नादुरुस्त झाला असून वॉरंटी लागू होत नाही. भार्गवला हे पटलं. वरवंटा मारला तर कोणतीही यंत्रणा बंद पडणारच. त्याने आणखी चांगल्या जातीचा प्लग मागवला, आणि खबरदारी म्हणून दत्तोपंतांच्या मनगटाला एक घड्याळ बांधलं. त्यात त्यांची नाडी, ताप, झोप सगळं दिसतं. घड्याळ त्या नव्या प्लगवरच चार्ज होतं.

दत्तोपंत आता घरी आहेत. जेवतात, थोडं चालतात. फक्त एक नवी सवय लागली आहे. संध्याकाळी भार्गव घरी आला की ते हळूच त्याच्याजवळ जाऊन उभे राहतात.

"भार्गव, मले गरम होऊन राहिलं का रे? पाह्य बरं फोनात."

भार्गव पाहतो. "नाही बाबा. ठीक आहे सगळं."

"बरं," म्हणतात, आणि घामेजलेला सदरा अंगावर तसाच ठेवून परत जातात.

हे वाचून भार्गवला दोन शिव्या घालाव्यात असं आपल्याला वाटलं असेल. खुशाल घाला. फक्त त्याआधी एक सांगा. आपली आई, गावी म्हणा किंवा याच शहरात दुसऱ्या टोकाला म्हणा, एकटीच असते न? आज सकाळी तिच्या नावाखाली ती जरा वेळापूर्वी ऑनलाइन होती असं दिसलं. म्हणजे ठीकच आहे, असं म्हणून आपण मोबाइल खिशात घातला. काल घातला, परवाही घातला. तिचा आवाज शेवटचा कधी ऐकला होता? आठवत नसेल तर राहू द्या. बघा बरं फोनात.