नाराज सेल्फ आणि शंभर लाद्या बर्फ

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंत पेवेकरच्या ट्रकचं इंजिन सुरू करणारा सेल्फ रुसला, आणि मानपान झाल्याशिवाय आपण फिरणार नाही असं त्यानं गाडीच्या पोटातून कळवलं.

ट्रक बर्फाच्या कारखान्याच्या आवारात उभा होता. मागे शंभर लाद्या भरलेल्या, वर भुसा आणि गोणपाट. मेव्हण्याची, काशिनाथची, बोट दहाला बंदरात लागायची होती. सुरमई भरभरून मिळालेली; बर्फ वेळेत पोचला नाही तर सगळी खतात जाणार. बंदर तासाच्या वाटेवर, घड्याळात आठ, आणि फळ्यांच्या फटींतून पाणी गळायला लागलेलं.

"तीस वर्षांत असला ताप बघितला नाही!" यशवंत चरफडला आणि दाऊदभाई मिस्त्रींना घेऊन आला.

दाऊदभाईंनी शिस्तीत तपासलं. हेडलाइट लख्ख. हॉर्न खणखणीत. बॅटरीच्या वायरी घट्ट. चावी फिरवली की खालून नुसतं 'टक्' व्हायचं आणि पुढं काही नाही. शेवटी त्यांनी खाली सरकून सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना आडवा टेकवायचं ठरवलं, म्हणजे थेट करंट मिळेल.

"पाना लांब ठेवा," सेल्फ म्हणाला. "मी बिघडलेलो नाही. नाराज आहे."

दाऊदभाई बाहेर आले. "हे वायरिंगचं काम नाही, यशवंतराव. हे घरचं प्रकरण आहे. काल पूजा कशी केलीत?"

यशवंतनं सांगितलं. स्टिअरिंगला हार, बॅटरीला हळद-कुंकू, चाकांखाली लिंबं, जॅकलासुद्धा झेंडूचं फूल. सेल्फ पडला पार खाली. नवा लेंगा घालून कोण आडवं होणार? म्हणून त्याच्या नावानं बॉनेटवरूनच चार अक्षता टाकल्या होत्या.

"त्या माझ्यापर्यंत आल्या नाहीत," सेल्फ म्हणाला. "वरच्या वर रेडिएटरनं घेतल्या."

"अहो, चुकलो! पदरात घ्या! पण आता फिरा की, बर्फाचं पाणी होतंय!"

"टॉवेल, टोपी, नारळ. चार माणसांदेखत."

यशवंतनं कपाळावर हात मारून घेतला. धक्का मारावा तर आवार सपाट आणि मागे एवढं ओझं. शिवाय धक्का मारलात तर आपला संबंध संपला, असंही सेल्फनं बजावलं होतं.

सामान आलं. चार हमाल साक्षीला उभे राहिले. यशवंत वितळलेल्या बर्फाच्या चिखलात आडवा झाला, सेल्फला टिळा लावला, टोपी चढवली.

तेवढ्यात हेडलाइट मंदावले. "त्याला टोपी आणि मला नुसतं हळद-कुंकू?" बॅटरी म्हणाली.

मग हॉर्न बोलला. मग डायनॅमो. दाऊदभाईंनी वही काढून ज्येष्ठतेप्रमाणे क्रम लावला, तर बॅटरी गेल्या वर्षीच बदललेली, म्हणजे सगळ्यात धाकटी निघाली. तिनं हरकत घेतली. हरकतीची सुनावणी झाली. यशवंतनं दात खात अकरा नारळ वाढवले.

साडेनवाला सेल्फ म्हणाला, "झालं. मारा चावी."

यशवंत सीटवर चढला, चावीला हात लावला आणि तसाच बसून राहिला. नवा लेंगा चिखलानं माखला होता.

"तीस वर्षं ही गाडी मी ओढतोय," तो म्हणाला. "काल जॅकला फूल मिळालं. मला कुणी साधं बोट तरी लावलं का कपाळाला?"

हमालांनी माना खाली घातल्या. "तक्रार रास्त आहे," सेल्फ म्हणाला.

यशवंत खाली उतरला आणि पायरीवर पाठ फिरवून बसला. फोन वाजला. काशिनाथ होता.

"भावोजी, निघालात का?"

"नाही. मी रुसलोय."

लाटांच्या आवाजातून काशिनाथनं विचारलं,

"कधीपासून?"

"आत्ताच."

"बरं. बोट लागली की ताईला घेऊन मोटरसायकलवरून येतो. तोवर उठू नका, कुणी कितीही समजूत घातली तरी."

"आणि मासळी?"

"तिचं आम्ही बघतो," काशिनाथ म्हणाला. "तुम्ही बसा."